पुलिंगच्या डिझेल ट्रॅक्टरचं आरपीएम कुठून उचलायचं, कसं तपासायचं आणि कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा

पेट्रोलच्या गाडीला आरपीएम (इंजिन मिनिटाला किती फेरे फिरतं ते) दाखवणारं मीटर लावणं सोपं असतं, इग्निशन कॉइलची वायर धरली की झालं काम. डिझेलला ना कॉइल ना प्लग, त्यामुळं सिग्नल दुसरीकडून कुठून तरी उचलावा लागतो, आणि तो कुठून उचलला यावरच मीटरवरचा आकडा किती खरा हे ठरतं. शेतात नांगर मारताना ५०-१०० आरपीएमचा फरक कुणी विचारत नाही, पण पुलिंगमध्ये तेवढ्यावर माणूस बाद होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिन फुटतं.

ज्यांनी ट्रॅक्टर पुलिंग फक्त मोबाईलवर बघितलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे ओहायो, इंडियाना, इलिनॉय, विस्कॉन्सिन या पट्ट्यात, उन्हाळ्यात काउंटी फेअर असतात आणि बऱ्याच फेअरला पुलिंग असतंच. ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं स्लेड जोडतात, स्लेडवर वजनाची मोठी पेटी असते, सुरुवातीला ती स्लेडच्या मागच्या चाकांवर असते आणि ट्रॅक्टर जसा पुढं जाईल तशी ती गिअरनं पुढं सरकत येते, पुढचा लोखंडी तवा जमिनीत रुतत जातो आणि ओढ वाढत जाते. ३०० फूट ओढलं की फुल पुल. मोटरवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांच्या पहिल्या स्पर्धा १९२९ मध्ये मिसुरीतल्या बोलिंग ग्रीनला आणि ओहायोतल्या व्हॉन्सव्हिलला झाल्याचं सांगतात, आणि नियमांचा मेळ बसावा म्हणून १९६९ मध्ये आठ राज्यांच्या लोकांनी मिळून नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन काढली. मी इंडियानात कोलंबसला असतो, कमिन्सचं हेडक्वार्टर इथलं त्यामुळं पुण्याची माणसं गावात भरपूर, आणि इथल्या एका शेतकऱ्याच्या टीमचं वायरिंग आणि मीटरचं काम मी बघतो. खाली जे आहे ते त्याच कामातलं आहे.

आता पहिला मुद्दा, मीटर विकत घ्यायच्या आधी तुमच्या क्लासचा नियम नीट वाचा. फार्म स्टॉक आणि जुन्या ट्रॅक्टरांच्या क्लासमध्ये बऱ्याच क्लबांनी आरपीएमची मर्यादा ठेवलेली असते, आकडा क्लबप्रमाणं बदलतो. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की तो आकडा कुठल्या अवस्थेतला आहे, रिकाम्या इंजिनवर फुल रेस दिल्यावरचा की ओढताना कुठल्याही क्षणी जास्तीत जास्त. या दोन्हीत लय फरक आहे. डिझेलच्या गव्हर्नरचं (इंजिनचा स्पीड आवरणारा भाग) काम असंय की लोड नसताना इंजिन रेटेड स्पीडच्या, म्हणजे कंपनीनं पूर्ण लोडसाठी ठरवलेल्या स्पीडच्या, वर पळतं आणि लोड आला की खाली उतरतं. जॉन डिअर ४०२० घ्या, रेटेड २२००, इंटरनॅशनल १०६६ घ्या, रेटेड २४००, पण दोन्ही ट्रॅक्टर उभे करून हात-एक्सलेटर पूर्ण ओढला तर काटा रेटेडच्या बराच वर जाऊन थांबतो आणि तो थांबतो तिथंच गव्हर्नर व्यवस्थित आहे असं समजायचं. याला हाय आयडल म्हणतात. टेक्निकल तपासणीला बहुतेक हाच बघतात कारण वजनकाट्याशेजारी उभ्या ट्रॅक्टरवर तोच बघणं शक्य असतं. म्हणून मर्यादा ३००० असेल आणि तुम्ही लोडवर ३००० लावून बसला असाल तर हाय आयडलला तुम्ही बाद.

मर्यादा नसलेल्या मोठ्या क्लासमध्ये, उदाहरणार्थ प्रो स्टॉक, जिथं ६८० क्युबिक इंचापर्यंतचं डिझेल इंजिन आणि एकच टर्बो चालतो, तिथं आरपीएम मोजायचं कारण वेगळं. कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ३००० वरून ३६०० ला गेलात म्हणजे स्पीड २० टक्क्यांनी वाढला पण ताण ४४ टक्क्यांनी वाढला. १२० मिलिमीटर स्ट्रोकचं इंजिन ३००० ला फिरताना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर असतो, तेच ५००० ला २० मीटर. शेतीच्या कामासाठी ओतलेल्या ब्लॉकला आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला हे झेपायचं असेल तर नेमकं किती फिरतंय हे माहीत पाहिजे, "आवाजावरून कळतं की" म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यातल्या काहींचे ब्लॉक पण बघितलेत.

सिग्नल उचलायच्या जागा बघू.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे फ्लायव्हीलच्या रिंग गिअरवर मॅग्नेटिक पिकअप. हे एक बोल्टसारखं सेन्सर असतं, टोकाला चुंबक आणि आत कॉइल, समोरून लोखंडी दात गेला की एक पल्स. वेगळी पॉवर लागत नाही. बेल हाउसिंगला भोक पाडून आटे पाडायचे आणि त्यात हे बसवायचं. जनरेटरवर जे मिळतं ते बऱ्याचदा पाऊण इंच, इंचाला १६ आट्यांचं असतं, म्हणजे एक पूर्ण फेरा फिरवला की साधारण १.६ मिलिमीटर सरकतं. बसवताना इंजिन बंद ठेवायचं, भोकातून बघून एक दात बरोबर समोर आणायचा (दोन दातांमधली खाच समोर असताना आत घातलात तर पुढचा दात येऊन सेन्सरचं टोकच छाटून नेईल), मग हातानं हळूच टेकेपर्यंत आत घालायचं आणि अर्धा फेरा बाहेर घ्यायचा. म्हणजे ०.८ मिलिमीटर गॅप पडतो. मग क्रँक पान्यानं पूर्ण एक फेरा फिरवायचा, कुठं घासतंय का बघायचं, रिंग गिअर थोडी वाकडी असली तर इथंच कळतं. नंतर चेक नट. चेक नट आवळताना सेन्सर पण सोबत फिरतो आणि गॅप बदलतो, म्हणून एक पाना सेन्सरवर आणि एक नटवर, दोन्ही हात लागतात.

आता दाते मोजणं. हे काम कंटाळवाणं आहे पण करायचंच, इंटरनेटवरचा आकडा घेऊ नका कारण पुलिंगच्या इंजिनला फ्लायव्हील बहुतेक वेळा नंतर बसवलेलं स्टील बिलेटचं असतं आणि त्यावरची रिंग मूळ ट्रॅक्टरचीच असेल असं नाही. एका दाताला पांढरा ऑइल पेंट लावा, क्रँक फिरवत मोजा, दहा दहाला खडूनं खूण करा. समजा १३८ दात आहेत आणि तुम्ही मीटरमध्ये १३७ टाकले, तर ३००० ला मीटर ३०२२ दाखवेल. फरक छोटा आहे पण मर्यादेच्या जवळ पळणाऱ्याला २२ आरपीएम म्हणजे झोप उडवणारी गोष्ट. १३८ दातांवर ३००० आरपीएमला सेकंदाला ६९०० पल्स येतात, इतका दाट सिग्नल दुसऱ्या कुठल्याच जागी मिळत नाही, म्हणून लॉगरला (आकड्यांची सतत नोंद ठेवणारं यंत्र) हाच द्यायचा.

एक भानगड आहे. सिग्नल इतका दाट असला की प्रत्येक दातामागचा फरक पण दिसायला लागतो, कारण डिझेल एका फेऱ्यात सुद्धा एकसारखं फिरत नाही, प्रत्येक सिलेंडर पेटला की धक्का, मधे ढिलं. लॉगरमध्ये हा ग्राफ करवतीसारखा दिसतो आणि मग टोकाचा एक पॉइंट बघून माणूस घाबरतो. त्यासाठी सेटिंगमध्ये पूर्ण दोन फेऱ्यांची सरासरी घ्यायला सांगायचं, फोर स्ट्रोकचं एक चक्र दोन फेऱ्यात पूर्ण होतं म्हणून दोन.

वायरबद्दल पण सांगतो, पीळ घातलेली दोन तारांची शिल्डवाली केबल वापरा, शिल्ड फक्त मीटरच्या बाजूला अर्थ करा, दुसरी बाजू मोकळी. दोन्हीकडं अर्थ केली की स्टार्टरचा करंट त्यातून वाट काढतो. केबल स्टार्टरच्या जाड वायरीसोबत एकाच झिपटायनं बांधायची नाही, हे सांगायला नको पण दर सीझनला कुणीतरी बांधतंच.

दुसरी जागा पुढची क्रँक पुली. बेल हाउसिंगला स्कॅटर ब्लँकेट (काही फुटलं तर तुकडे अडवणारं जाड आवरण) गुंडाळलेलं असतं, तिथं भोक पाडायचं नसेल किंवा नियमच आडवा येत असेल तर पुढं पुलीवर चुंबक लावून हॉल सेन्सर (समोरून चुंबक गेला की पल्स देणारा) बसवायचा. चुंबक एक लावला तर ३००० ला सेकंदाला फक्त ५० पल्स, चालतं पण ढिलं, चार लावले तर बरं, आणि बॅलन्स बिघडू नये म्हणून समोरासमोर लावायचे. नुसता चिकटवलेला चुंबक ४५०० ला उडतो आणि रेडिएटरमध्ये घुसतो, तो बाहेरच्या बाजूनं निसटणार नाही अशा खाचेत बसवा. आणि तो डॅम्परच्या (क्रँकचे हादरे शोषणारा पुढचा भाग) बाहेरच्या रिंगवर बसवू नका, ती रबरावर असते, स्वतःची वेगळीच हलते आणि रबर सुटलं तर घसरते पण, हबवर बसवा.

तिसरी जागा अल्टरनेटरचं डब्ल्यू टर्मिनल. आपल्याकडच्या कित्येक ट्रॅक्टरांचं आणि ट्रकांचं मीटर असंच चालतं. अल्टरनेटरमधून एका फेजची वायर बाहेर काढलेली असते, १२ पोलचा अल्टरनेटर असेल तर त्याच्या एका फेऱ्यात ६ पल्स. पुलीचं प्रमाण अडीच असेल तर इंजिन ३००० ला अल्टरनेटर ७५००, म्हणजे सेकंदाला ७५० पल्स. शेतात एकदम मस्त. पुलिंगमध्ये मात्र दोन अडचणी, एक तर बरेच जण वजन आणि ताकद वाचवायला अल्टरनेटर काढूनच टाकतात, आणि दुसरं म्हणजे बेल्ट घसरतो. बेल्ट ५ टक्के घसरला तर मीटर ५ टक्के कमी दाखवणार, म्हणजे इंजिन ३१५० ला पळतंय आणि तुम्ही ३००० च्या थोडं खाली बघून खुश. चूक नेहमी याच बाजूला होते, खऱ्यापेक्षा कमी दाखवायच्या. म्हणून मर्यादेच्या क्लासमध्ये मी तरी डब्ल्यू टर्मिनलवर भिस्त ठेवणार नाही.

चौथं, नोझलच्या पाइपवर चिमटा. पिझो क्लॅम्प म्हणतात, पंपापासून एक नंबरच्या नोझलकडं जाणाऱ्या स्टीलच्या पाइपवर लावायचा, डिझेलचा दाब आला की पाइप केसाएवढा फुगतो आणि क्लॅम्प ते पकडतो. दोन फेऱ्यात एकच पल्स, म्हणजे ३००० ला सेकंदाला २५. दुसऱ्याचा ट्रॅक्टर पटकन तपासायला हे भारी, काही उघडावं लागत नाही. पाइपचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, सरळ भागावर लावा, वाकणावर नको, आणि क्लॅम्पचा साइज पाइपच्या साइजचाच पाहिजे, ६ मिलिमीटरच्या पाइपला पाव इंचाचा क्लॅम्प बसल्यासारखा वाटतो पण सिग्नल तुटक येतो. मोठ्या पंपावर दाबाची लाट नोझलवरून परत फिरून येते, तिला पण मीटर मोजतं आणि आकडा एकदम दुप्पट. दुप्पट आला तर लगेच कळतं, पण मधूनच एखादी लाट मोजली गेली तर आकडा नुसता उड्या मारतो आणि लोक पंपाला शिव्या देतात. कॉमन रेल इंजिनला हा क्लॅम्प उपयोगाचा नाही, तिथं रेलमधला दाब सतत चढाच असतो.

कॉमन रेलवाल्यांना मुळात याची गरजच नाही. तिथं ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) क्रँक सेन्सरवरून आरपीएम मोजतोच आणि जे१९३९ च्या डेटा लाइनवर टाकतो, साधारण २५० केबीपीएसची कॅन बस, पीजीएन ६१४४४ मध्ये इंजिन स्पीड, एका बिटला ०.१२५ आरपीएम. डायग्नोस्टिकचा गोल सॉकेट असतो तिथं लॉगर लावला की झालं. फक्त एवढंच की ईसीयू बदललेला किंवा ट्यून केलेला असेल तर तपासणीवाले त्या आकड्याला मानत नाहीत, आणि बरोबर आहे त्यांचं.

जुन्या ट्रॅक्टरचं केबलवालं मीटर राहिलं. केबल सुकली की काटा नाचतो, आणि तो नाचणारा काटा बघून हाय आयडल सेट करणारे लोक आहेत. शोभेला ठेवा.

मीटर बसलं, आता ते खरं बोलतंय का हे तपासायचं, आणि हा भाग लोक सोडून देतात. यासाठी हातातलं फोटो टॅकोमीटर घ्या, महाग वस्तू नाही, भारतात पण ऑनलाइन सहज मिळते. क्रँक पुलीवर चमकणाऱ्या टेपचा एक छोटा तुकडा लावायचा, बाकी पुली काळ्या मॅट रंगानं मारायची. एकच तुकडा. दोन लावले तर दुप्पट, आणि पुलीवर एखादी चकचकीत खाच किंवा बोल्टचं डोकं असलं तरी ते मोजलं जातं. टेप लावायच्या आधी पुली थिनरनं पुसा, तेलकट पुलीवर लावलेली टेप पहिल्याच रेसला उडते. टॅकोमीटर थोडं तिरकं धरा म्हणजे पुलीचीच चमक परत येणार नाही. शेडमधल्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीपासून सावध राहा, अमेरिकेत करंट ६० हर्ट्झचा असल्यामुळं लाइट सेकंदाला १२० वेळा लुकलुकते आणि काही टॅकोमीटर इंजिन बंद असताना सुद्धा ७२०० किंवा ३६०० दाखवतात. आपल्याकडं ५० हर्ट्झला तेच ६००० किंवा ३००० येईल. म्हणून इंजिन बंद असताना एकदा पुलीवर नेम धरून बघा, शून्य आलं पाहिजे.

मग एका माणसाला एक्सलेटरवर बसवा, न्यूट्रल, ब्रेक लॉक, आणि तीन जागी आकडे घ्या, लो आयडल, १५०० च्या आसपास आणि हाय आयडल. दोन्ही मीटरचे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. फरक तिन्ही ठिकाणी सारख्याच टक्क्यांनी येत असेल तर दात्यांचा किंवा पुलीच्या प्रमाणाचा आकडा चुकलाय, सेटिंग बदलून टाका. वर जाताना फरक वाढत असेल तर बेल्ट घसरतोय किंवा पल्स सुटतायत. खाली फरक आणि वर बरोबर असेल तर मॅग्नेटिक पिकअपचा गॅप जास्त आहे, कारण कमी स्पीडला त्याचा व्होल्टेज मुळातच कमी असतो. हे सगळं करताना फॅनच्या आणि फ्लायव्हीलच्या रेषेत उभं राहायचं नाही, पुढून कोपऱ्यातून हात लांब करून नेम धरायचा, आणि सैल बाह्यांचा शर्ट नको.

पुढं जागाच नसेल तर पीटीओवरून (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) पण मोजता येतं. मीटरवर ५४० ची खूण कुठल्या आरपीएमला आहे ते बघा, समजा २००० ला, तर प्रमाण ३.७० झालं, पीटीओ ६०० आला म्हणजे इंजिन २२२२. पण टॅकोमीटरची एक आरपीएमची चूक इथं पावणेचार होते हे धरून चाला.

आता माझा आवडता प्रकार, आवाज. सहा सिलेंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनमध्ये एका फेऱ्यात तीन सिलेंडर पेटतात, म्हणजे सायलेन्सरमधून येणाऱ्या आवाजाचा मुख्य सूर जितक्या हर्ट्झचा त्याला २० नं गुणलं की आरपीएम. १५० हर्ट्झ म्हणजे ३०००. चार सिलेंडरला ३० नं गुणा, आपल्या तीन सिलेंडरवाल्यांना ४० नं. मोबाईलवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही ॲप घ्या, सगळ्यात उंच खांब बघा, पण खात्री करा की तो मुख्य सूरच आहे, कारण त्याच्या निम्म्याला आणि दुपटीला पण खांब असतात. टर्बो असला की सूर थोडा दबतो तरी दिसतो. ॲपनं एक सेकंदाचा तुकडा घेऊन मोजलं तर बारकाई १ हर्ट्झची, म्हणजे २० आरपीएम, त्याच्या खाली जायचं तर तुकडा लांब घ्यावा लागतो आणि तोवर ट्रॅक्टर पुढं गेलेला असतो.

आणि इथं गंमत आहे. प्रेक्षकांत सुरुवातीच्या रेषेच्या मागं बसून रेकॉर्ड करणारे नेहमी वाद घालतात की अमक्याचं इंजिन फार पळत नव्हतं. ट्रॅक्टर ताशी ४० किलोमीटरनं तुमच्यापासून लांब जात असेल तर आवाजाचा सूर ३ टक्क्यांहून थोडा जास्त उतरलेला ऐकू येतो, रेल्वे फाटकावर शिट्टीचं होतं तसंच, म्हणजे ३००० चं इंजिन तुम्हाला साधारण २९०५ वाटणार. शेवटच्या रेषेपलीकडं बसलेल्याला तेच ३१०० वाटणार. दोघं एकाच पुलचे व्हिडिओ दाखवून भांडतात आणि दोघांचंही ऐकणं बरोबरच असतं. फोन ट्रॅक्टरवरच रबरात गुंडाळून ठेवला किंवा ट्रॅक्टर अगदी समोरून आडवा जाताना मोजलं तर हा घोळ होत नाही.

प्रत्यक्ष पुलवर काय बघायचं ते सांगतो. काटा बघत ओढता येत नाही, पहिलं तर वेळ नसतो, सगळा खेळ पंधरा-वीस सेकंदांत आटपतो, आणि ड्रायव्हरचं लक्ष ट्रॅक आणि पुढची चाकं किती उचलली याकडं. त्याच्यासाठी एक मोठा लाल दिवा डोळ्यांच्या रेषेत लावा, मर्यादेच्या १०० आधी पेटणारा, आणि मीटर पीक पकडून ठेवणारं घ्या. बाकी सगळं लॉगरचं काम. सेकंदाला निदान २० वेळा नोंद झाली पाहिजे, जास्त असेल तर चांगलं, कारण ओव्हरस्पीड कित्येकदा पाव-अर्ध्या सेकंदाचा असतो आणि दर सेकंदाला एकदा लिहिणाऱ्या लॉगरला तो दिसतच नाही.

फक्त इंजिनचं आरपीएम लॉग केलं तर अर्धीच गोष्ट कळते. क्लचच्या पुढच्या शाफ्टवर दुसरा सेन्सर लावा. साखळी ताणली, हिरवा झेंडा पडला, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) तयार झाला, क्लच सोडला, इथं इंजिनचा ग्राफ आधी खाली पडतो आणि शाफ्टचा वर चढतो, दोन्ही जिथं मिळतात तिथं क्लच पूर्ण धरला. पुलच्या मधोमध इंजिन ४६०० आणि शाफ्ट ४२०० असेल तर क्लच जवळजवळ ९ टक्के घसरतोय, म्हणजे ताकद डिस्कच्या धुरात चाललीय आणि ड्रायव्हरला वाटतंय की इंजिन मस्त सुरात आहे. उलट दोन्ही ग्राफ चिकटून आहेत आणि दोन्ही खाली उतरतायत तर इंजिन दबतंय, गिअर उंच पडला. आणि दोन्ही चिकटून वर पळाले पण स्लेड हळू झाला, तर टायर मोकळा फिरतोय, माती वाचा आणि वजनं पुढं-मागं करा, डिझेल पंपाला हात लावू नका. शेवटच्या ५० फुटांत ग्राफ कसा उतरतो ते माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवतं, टॉर्कचा शिखर बिंदू ओलांडून आरपीएम खाली गेलं की ते परत वर येत नाही, मग कितीही पाय दाबा.

सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे लोड एकदम जाणं. साखळी तुटली, ॲक्सल मोडला, किंवा गिअर सुटला, तर पंप त्या वेळी पूर्ण डिझेल देत असतो आणि यांत्रिक गव्हर्नर आवरेपर्यंत इंजिन कुठल्या कुठं गेलेलं असतं. म्हणून ओव्हरस्पीडचं कट-ऑफ फक्त डिझेल बंद करणारं असून भागत नाही, टर्बोचं सील गेलं असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत राहतं, त्याला हवाच तोडावी लागते. हवा बंद करणारी झडप इनटेकवर असते आणि तिची वायर मागं स्लेडला जोडतात, ट्रॅक्टर स्लेडपासून सुटला की वायर ओढली जाते आणि झडप पडते. दर वेळी ट्रॅकवर जायच्या आधी आयडलला ती वायर हातानं ओढून इंजिन खरंच बंद पडतं का बघा. झडपेच्या कडेला धूळ बसून ती अर्ध्यात अडकते, आयडलला बंद झाली म्हणून फुल बूस्टला होईलच असं पण नाही, त्यामुळं सील आणि स्प्रिंग पण बघायचं.

गावाकडच्या पोरांना एक सांगणं, कारण मला हमखास विचारतात की आपला ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर जत्रेतल्या ट्रॉली रिव्हर्सच्या स्पर्धेला नाहीतर टोचनला (दोन ट्रॅक्टर एकमेकांना बांधून ओढायची स्पर्धा) कसा पळवायचा. रिव्हर्सला आरपीएम लागतच नाही, हात लागतो. टोचनसाठी पंपाचं सील तोडून गव्हर्नरचा स्क्रू फिरवायचा विचार असेल तर आधी फोटो टॅकोमीटर घेऊन बघा की सध्याचं हाय आयडल किती आहे, बऱ्याचदा मीटर कमी दाखवत असतं आणि इंजिन आधीच वर पळत असतं. आपल्याकडं टोचनला ना स्लेड असतो ना हवेची झडप ना फ्लायव्हीलभोवती ब्लँकेट. पंजाबात २०२३ मध्ये एक तरुण स्टंट करताना ट्रॅक्टरखाली गेला आणि त्यानंतर सरकारनं ट्रॅक्टरच्या स्टंटवर बंदीच घातली.

तपासणीला गेल्यावर त्यांचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर भांडू नका, तिथं त्यांचंच मीटर चालतं. फक्त शांतपणे विचारा की टेप कुठं लावलीय, पुली पुसून परत एकदा घेता का, आणि इंजिन गरम आहे का. गार इंजिनला आणि गरम इंजिनला हाय आयडल थोडं वेगळं येतं, म्हणून स्वतःच्या शेडमध्ये सेट करताना पाण्याचा काटा वर आल्यावरच सेट करा आणि मर्यादेच्या ४०-५० खाली ठेवा. गव्हर्नरचा स्क्रू सेट झाला की चेक नट आवळून परत एकदा मोजा, आवळताना तो हमखास थोडा हलतो. मग तार-सील लावा आणि आकडा, तारीख, इंजिनचं तापमान फेंडरच्या आत मार्करनं लिहून ठेवा, पुढच्या फेअरला तपासणीवाल्यानं विचारलं तर तिथंच दाखवता येतं.